कचऱ्याचा सातबारा कोणाच्या नावावर?

सकाळी साडेसातला आमच्या गल्लीत घंटागाडी येते. नावाला घंटागाडी. घंटा केव्हाच गेली, आता हिंदी गाणं वाजतं. गाणं ऐकू आलं की मूर्तिजापुरातल्या आमच्या घरात एकच धावपळ होते: पिशवीला गाठ मार, चप्पल शोध, पळ.

मागच्या हिवाळ्यात अशीच पळत गेले आणि पिशवी दिली. गाडीवरच्या बाईने ती दाबून आत सारली आणि झटकन हात मागे घेतला. पिशवीत फुटका बल्ब होता, मीच आदल्या रात्री टाकलेला. तळहातावर रक्ताची रेघ उमटली. तिने पदराचं टोक हाताभोवती गुंडाळलं आणि आवाज न चढवता म्हणाली, "ताई, काच येगळी देत जा ना." गाडी पुढे गेली.

तिला हळद लावून पट्टी बांधावी, एवढंही मला सुचलं नाही. उलट मनात आलेला पहिला विचार लाजिरवाणा होता. ही पिशवी चार घरं पुढे फुटली असती, तर ती आमची होती हे कुणालाच कळलं नसतं. काळी पिशवी, गाठ मारलेली. तिच्यावर कुणाचंही नाव नसतं.

त्या दिवसापासून मी एका जुन्या गोष्टीचा माग काढते आहे. आपला कचरा 'आपला' असायचा थांबला कधी?

वाटणीत आलेला उकिरडा

माझ्या आजीचं खेडं याच तालुक्यातलं. तिथे घंटागाडी नव्हती, कचराकुंडी नव्हती आणि 'कचरा टाकणे' असा शब्दप्रयोगही फारसा नव्हता. प्रत्येक घराचा आपापला उकिरडा होता. शेण, गोठ्यातला केर, चुलीतली राख, जनावरांनी खाऊन उरवलेलं कुटार, अंगणातला पाला असं सगळं त्यावर जायचं. उरलेलं अन्न तिथवर पोचायचंच नाही, ते आधीच गाय किंवा कुत्रं खायचं. पऱ्हाटी चुलीत जळायची. फाटक्या लुगड्याची गोधडी व्हायची आणि गोधडी फाटली की पोतेरं.

आमच्या पणजोबांच्या पोरांची वाटणी झाली, तेव्हा थोरल्याला विहिरीकडची बाजू मिळाली आणि धाकट्याला, म्हणजे माझ्या आजोबांना, उकिरड्याची जागा. त्यावरून दोन भाऊ वर्षभर बोलत नव्हते. लहानपणी मला वाटायचं, उकिरडा मिळाला म्हणून आजोबा चिडले असतील. आजी हसली. "चिडले तुह्ये मोठे आजोबा. पोरगी द्याच्या आंधी लोक उकिरडा पायेत, बाई. ज्याच्या घरी ढोरं, त्याच्याच घरी उकिरडा."

वर्षभर कुजलेलं हे खत उन्हाळ्यात बैलबंडीत भरून वावरात पडायचं, मृगाच्या आधी. पुढे त्यावर कपाशी, तूर आणि ज्वारी उभी राहायची. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, असं आपण म्हणतो. वऱ्हाडातल्या उकिरड्याचा पांग दर वर्षी फिटत होता.

या ढिगाकडे शास्त्रानेही पाहिलं. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज कृषिशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संस्थेत होते. ही संस्था मुख्यतः कापसाच्या संशोधनासाठी उभी राहिली होती. कपाशीची आणि तुरीची काडं लवकर कुजत नाहीत, ही आपल्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याची तक्रार. हॉवर्डनी ती काडं रस्त्यावर पसरली. वरून गाड्या गेल्या की ती चिरडायची. मग त्यांचे शेण, माती आणि राखेबरोबर थर लावायचे, अधूनमधून ढीग पालटायचा आणि तीनेक महिन्यांत खत तयार. १९३१ साली या पद्धतीवर त्यांचं पुस्तक आलं. त्यावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचं नाव आहे. जगभरच्या सेंद्रिय शेतीत आजही 'इंदूर पद्धत' म्हणून हे काम ओळखलं जातं.

दुसरं नाव आणखी जवळचं. आपल्या मूर्तिजापूरहून शकुंतला रेल्वे ज्या यवतमाळकडे जायची, त्याच जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे. नावाची आद्याक्षरं जोडून लोक त्यांना नाडेपकाका म्हणायचे. त्यांनी विटांची एक टाकी बसवली: दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, आणि हवा खेळावी म्हणून भिंतींना भोकं. त्यात थोडं शेण आणि भरपूर काडीकचरा घालायचा. तीनचार महिन्यांत खत. कमी जनावरं असलेल्या शेतकऱ्यालाही खत मिळावं, हा त्यामागचा हिशेब. 'नाडेप' हा शब्द पुढे देशभरच्या शेतीखात्यांच्या कागदांत गेला.

जे उकिरड्यावर जात नव्हतं

इथवर वाचून वाटेल, काय सुंदर व्यवस्था होती. थांबा.

उकिरड्यावर जात होतं ते फायद्याचं. मेलेलं जनावर, गावठाणाची झाडलोट, माणसांची घाण यांचं काय? त्याचं उत्तर गावाने जातीत शोधलं होतं. मेलेलं ढोर ओढून नेणं महारांच्या माथी. केरसुणी आणि दोर वळणं मांगांकडे. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहायचं, तिला लक्ष्मी म्हणायचं, आणि ती वळणाऱ्या हातांना मात्र वेशीच्या आत घर बांधू द्यायचं नाही. या विसंगतीने पिढ्यानपिढ्या कुणाची झोप उडाली नाही.

म्हणजे गावाने घाणीचे दोन वाटे केले होते. खत होणारी घाण घराच्या मालकीची आणि खत न होणारी दुसऱ्याच्या जन्माची. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेली जनावरं ओढण्यासारखी कामं सोडून द्या असं सांगितलं. पुढे अनेक गावांनी असं काम सोडणाऱ्यांवर बहिष्कार टाकले. काम घाणेरडं म्हणून गाव चिडलं नाही. ते आता कुणी करायचं, हा प्रश्न पहिल्यांदाच गावाच्या अंगावर आला होता.

दापुऱ्याचा माणूस

हाच प्रश्न हातात खराटा घेऊन गावोगाव फिरवणारा माणूस आमच्याच तालुक्यात वाढला. डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. वडील लवकर गेले आणि आईने मुलाला माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आणलं. मामाकडे गुरं राखत आणि शेती करत डेबू मोठा झाला. जात परिटाची, म्हणजे दुसऱ्यांचे मळके कपडे धुणारी. १९०५ साली त्याने घर सोडलं आणि पुढे तो गाडगे महाराज झाला.

शाळेच्या फोटोत आपण त्यांना इतक्यांदा पाहिलंय की नीट पाहायचं राहून जातं. अंगावर चिंध्यांचा झगा. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. डोक्यावर मातीचं फुटकं गाडगं, जेवताना तेच ताट. लोकांनी टाकून दिलेल्या वस्तूंनी हा माणूस नखशिखांत सजला होता. त्यांचं नावसुद्धा एका खापराचं आहे.

त्यांची रीत ठरलेली होती. गावात शिरलं की कुणाला न सांगता झाडायला सुरुवात करायची. कोण हा वेडा, म्हणून लोक जमायचे. काहींना लाज वाटायची, ते हातात खराटा घ्यायचे. रात्री कीर्तन. कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारायचे: शिवाशीव, कर्ज काढून केलेली लग्नं, नवसाची बकरी, दारू. काम केल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही आणि कुणाला पाया पडू द्यायचं नाही.

सकाळी रस्ता झाडणं आणि रात्री शिवाशिवीवर बोलणं ही दोन वेगळी कामं नव्हती. झाडण्याचं काम ठरावीक जातीचं मानणाऱ्या गावात, पाटलाच्या दारासमोर कुणीतरी आपणहून झाडतो आणि पाटलाच्या हातातही खराटा येतो. गावाने जन्मावर टाकलेलं काम बाबा पुन्हा घरमालकाकडे परत करत होते. अस्पृश्यांसाठी बांधलेली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी पुढे आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. ६ डिसेंबर १९५६ ला आंबेडकर गेले. चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ बाबांनी देह ठेवला.

खराट्याची योजना होते

२०००-०१ मध्ये, आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना, महाराष्ट्र सरकारने बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. गावांची स्पर्धा आणि बक्षिसं होती, पण खरं भांडवल श्रमदानाचं. आजी सांगते, तपासणीच्या आधी सरपंचापासून मास्तरांपर्यंत सगळे झाडत होते. त्या दिवसांत गावाने पहिल्यांदाच एकमेकांना झाडताना पाहिलं. तपासणी संपली आणि खराटे पुन्हा ठरलेल्या हातांत गेले.

२ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत आलं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करायला सांगितला. मात्र हे नियम मुख्यतः शहरांसाठी होते आणि साधी खेडी त्यांच्या कक्षेबाहेर राहिली. खेड्यांच्या कचऱ्यासाठी ग्रामीण स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२० नंतर, पैसे ठेवले गेले: पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी जास्तीत जास्त ६० रुपये. दोन हजार वस्तीच्या गावाचा हिशेब करा. १ लाख २० हजार. त्यात खड्डे, टाक्या, ढकलगाडी आणि शेड. ती गाडी रोज ढकलणाऱ्याचा पगार ग्रामपंचायतीने पाहायचा.

दरम्यान कचराच बदलला होता. १९८० च्या दशकात शाम्पू छोट्या पुडीत आला आणि मागोमाग सगळंच पुडीत आलं. ट्रॅक्टर आले, बैल विकले गेले. गोठे रिकामे झाले तसं शेण आटलं. आजीच्या उकिरड्यावर आता शेणापेक्षा कुरकुऱ्यांची पाकिटं जास्त आहेत. असं खत वावरात टाकलं की नांगराच्या फाळाला प्लॅस्टिक गुंडाळतं. म्हणून ते कुणी नेत नाही. जे कुणी नेत नाही त्याला मालक नाही, आणि ज्याला मालक नाही ते पेटवून दिलं जातं. संध्याकाळी खेड्याच्या वेशीवर तो वास येतोच.

शहरात आपण तोच प्रश्न गाडीत भरून नजरेआड करतो. १९९० च्या दशकात नाशिकमध्ये रुळलेली घंटागाडी नंतर राज्यभर गेली आणि तिने खूप काही सुधारलं, हे खरं. पण आपल्या गावातल्या घंटागाडीवर कोण उभं असतं आणि त्यांची आडनावं काय आहेत, हे एकदा पाहा. सातबारा बदलला, कूळ तेच राहिलं.

एक पुडी

वेगळं काही मोठं मी केलेलं नाही. घरात तीन डबे ठेवले. ओल्यासाठी गच्चीवर माठ आहे, बुडाला भोकं पाडलेला. नाडेपकाकांचीच युक्ती, लहान करून. पहिल्या महिन्यात त्याला घाण वास आला आणि आई माझ्यावर चिडली. सुका पालापाचोळा कमी पडत होता. आता वास नाही.

परवा पुन्हा काचेचा पेला फुटला. तुकडे जाड कागदात गुंडाळले, सुतळीने बांधले आणि पुडीवर पेनने लिहिलं: काच. खाली आमचा घर नंबर.

गाडी आली. बाईने पुडी हातात घेतली, वाचली.

"नंबर काहून टाकला, ताई?"

"आमची आहे म्हणून."

तिने पुडी गाडीला टांगलेल्या वेगळ्या गोणीत ठेवली. तळहातावरचा व्रण अजून दिसत होता. मी तिचं नाव विचारलं. दोन वर्षं रोज येते ती, आणि मी पहिल्यांदाच विचारत होते. तिने सांगितलं, माझंही विचारलं. मग गाणं पुढच्या घराकडे सरकलं.