आसाचा अभ्यंग

डोंबिवलीत पूर्वी सायकलच्या दुकानांवर 'ओव्हरऑइलिंग करून मिळेल' असं लिहिलेलं असायचं. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग, म्हणजे यंत्र पूर्ण खोलून, साफ करून पुन्हा जोडणं. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांनी मिळून त्यातला न कळणारा 'हॉल' काढला आणि कळणारं 'ऑइल' बसवलं. मला ते कधीच चुकीचं वाटलं नाही, कारण दुकानात प्रत्यक्ष चालायचं ते तेच. चाकाचा आस काढायचा, छर्रे रॉकेलच्या वाटीत टाकायचे, काळा चिखल धुऊन निघाला की कपात बोटाने पिवळं ग्रीस भरायचं आणि त्यात एकेक छर्रा टेकवायचा. ग्रीस त्याला धरून ठेवायचं. शेवटी चाक हवेत धरून हळूच सोडायचं. हवा भरायचा व्हॉल्व्ह आपल्या वजनाने खाली यायचा, थोडा पुढे जायचा, मागे यायचा, झोके घेत घेत स्थिर व्हायचा. ते झोके संपेपर्यंत दुकानदार दुसऱ्या कामाला हात लावत नसे.

ओव्हरऑइलिंग हा शब्द जेमतेम शंभरेक वर्षांचा. त्यातल्या कामाचा शब्द मात्र फार जुना आहे: वंगण.

हा शब्द आपल्याकडे आला तो बैलगाडीतून. बैलगाडीचा आस जागचा फिरत नाही. त्याच्याभोवती चाकाचा तुंबा फिरतो. गाडीतल्या सगळ्या ओझ्याची घासाघीस या दोघांच्या मधल्या जागेत होते. तिथे कोरडं राहिलं की चाक करकरतं, तुंबा झिजतो, बैलांना ओढ जास्त पडते. म्हणून गाडीखाली वंगणाचा नळा लटकत असे. त्यात एरंडेलासारखं जाड तेल, ते लवकर ओघळू नये म्हणून काजळी नाहीतर राख कालवलेलं. लांबच्या वाटेवर मुक्कामाला गाडी सुटली की एक बाजू टेकूवर उचलायची, खीळ काढायची, चाक चार बोटं बाहेर ओढायचं आणि उघड्या पडलेल्या आसाला ते काळं चोपडायचं.

वंगणाचा वंगाशी, म्हणजे कथिलाशी, संबंध नाही, वंगदेशाशीही नाही. त्याचं मूळ संस्कृतातल्या 'अंज्' या धातूत आहे. अर्थ माखणं, चोपडणं. डोळ्यातलं अंजन त्याचंच, दिवाळीतला अभ्यंगही त्याचाच. 'अभि'च्या जागी 'उप' आला की उपांजन आणि उपांग अशी रूपं होतात. बोलता बोलता 'प'चा 'व' झाला, तोंडचा 'उ' गळला (उपविश् या धातूतला असाच गळून आपलं 'बसणं' झालं) आणि वंगण राहिलं. हिंदीतलं ओंगन हे त्याचं सख्खं भावंड. तिथे 'उ' गळण्याऐवजी 'व'मध्ये मिसळून 'ओ' झाला. आपला आस हा शब्दही असाच, संस्कृत 'अक्ष' झिजून झालेला.

तेव्हा वंगण आणि अभ्यंग एकाच कुळातले. हे नातं मी जुळवलेलं नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, रोज अंगाला तेल का लावावं हे सांगताना तीन दाखले दिले आहेत: तेल मुरलेला घडा, तेल चोळलेलं कातडं आणि वंगण घातलेला गाडीचा आस. हे तिन्ही जसे टणक होतात, कष्ट सोसतात, तसं शरीरही होतं, असं तिथे म्हटलं आहे. आसाच्या दाखल्यात जो शब्द आहे तो 'उपांग'च. मला यातली दृष्टी फार मोलाची वाटते. वैद्याला माणसाचं अंग समजावून सांगायचं आहे आणि तो गाडीवानाकडे बोट दाखवतो. गाडीवानाचं काम सगळ्यांच्या इतकं ओळखीचं होतं की दाखला म्हणून तेच पुरेसं होतं.

जैन परंपरेत हाच दाखला जेवणाला लावला आहे. मुनींनी आहार कसा घ्यावा? गाडी चालत राहावी एवढ्यापुरतं आसाला वंगण घालतात, तसा. संस्कृतात या वृत्तीला अक्षम्रक्षण म्हणतात, आणि प्राकृतात 'अक्खोवंजण' असा शब्द येतो. त्यात अक्ष आहे, उपांजन आहे, आणि 'प'चा झालेला 'व'ही आहे. आपल्या वंगणाच्या वाटेवरचं एक ठाणं इथे अक्षरांत उमटून राहिलं आहे.

आगगाडी आली तेव्हा हे सगळं उलटं झालं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली आणि १ मे १८५४ ला रूळ कल्याणला पोहोचले, म्हणजे डोंबिवलीच्या शिवारातूनच गेले. रेल्वेच्या डब्यात चाक आणि आस एकमेकांत ठोकून बसवलेले असतात, दोघं मिळून फिरतात. डब्याचं वजन येतं ते आसाच्या चाकाबाहेर डोकावणाऱ्या दोन टोकांवर. घासून गुळगुळीत केलेल्या या टोकाला जर्नल म्हणतात. जुन्या डब्यात जर्नलच्या डोक्यावर पितळेची अर्धगोल टोपी बसायची आणि हे सगळं एका ओतीव पेटीत बंद असायचं: अ‍ॅक्सल बॉक्स. पेटीच्या तळाशी तेलात भिजवलेल्या लोकरीचे किंवा सुताचे बोळे. फिरता जर्नल त्यांना घासून आपलं तेल आपणच उचलून घ्यायचा.

इंग्लंडात सुरुवातीला या पेट्यांत चरबी, पामतेल, सोडा आणि पाणी उकळून केलेलं पिवळं मलम भरत. त्याची एक खोड होती: पेटी थोडी तापल्याशिवाय ते वितळत नसे, म्हणजे जरुरी सर्वांत जास्त त्या पहिल्या फेऱ्यांना आस जवळपास कोरडाच. हिंदुस्थानातल्या रेल्वेंनी एरंडेल वापरलं, वंगणाला आणि दिव्यांनाही. मुळातच ते इतकं घट्ट की तापल्यावरही धातूला धरून राहतं. बैलगाडीच्या नळ्यातलं तेल असं आगगाडीच्या पेटीत गेलं. पुढे त्यानेच जगाला एक नाव दिलं. १८९९ मध्ये चार्ल्स वेकफील्ड यांनी लंडनमध्ये रेल्वे आणि अवजड यंत्रांना वंगण विकणारी कंपनी काढली. १९०९ मध्ये मोटारी आणि विमानांसाठी त्यांनी एरंडेल मिसळलेलं तेल आणलं आणि एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून त्याला कॅस्ट्रॉल म्हटलं. आज आपल्या गॅरेजात या नावाचे डबे रांगेने असतात. त्या नावात एरंड आहे हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

आमच्या शेजारचे एक काका रेल्वेच्या कॅरेज विभागात फिटर होते. डोंबिवलीत अशी माणसं दर दोन-चार इमारतींत भेटतात. गाडी यार्डात शिरताना रुळाच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी राहत, प्रत्येक पेटी समोरून जाताना बघत, ऐकत, वास घेत. गाडी थांबली की पेट्यांना हात लावत जायचं. 'तळहात नाही,' काका सांगायचे, 'हाताची पाठ लावायची. तळहात काम करून राठ झालेला असतो, त्याला खरं कळत नाही.' आम्हा मुलांच्या कपाळाला ताप बघतानाही ते हाताची पाठच लावत.

ही काळजी उगाच नव्हती. पेटीतलं तेल संपलं, बोळा सरकला किंवा पाणी शिरलं की धातूवर धातू घासतो. पेटी तापते, धूर येतो, जळक्या चिंधीसारखा वास सुटतो. टोपीच्या आतलं मऊ धातूचं अस्तर वितळून वाहून जातं, जर्नल लालभडक होतो आणि वजन पेलता पेलता पिळवटून तुटू शकतो. धावत्या गाडीचं चाक निखळणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. रेल्वेत याला हॉट अ‍ॅक्सल म्हणतात. कर्जत-कसाऱ्याकडच्या लहान स्टेशनावरून मालगाडी न थांबता जाते तेव्हा झेंडा घेऊन उभा असलेला माणूस ती शेवटच्या डब्यापर्यंत निरखत असतो, ते ज्या गोष्टींसाठी, त्यातली ही एक. आता इन्फ्रारेड थर्मामीटर आले आहेत, हाताच्या पाठीचं काम ते आकड्यात करतात.

पण या पेटीच्या आत नेमकं काय चालतं, हे कितीतरी काळ कोणालाच माहीत नव्हतं. तेल घातलं की सरकतं, एवढंच. ते कळलं १८८३ मध्ये, आणि तेही एका भोकामुळे. लंडनच्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेसाठी बीचम टॉवर हे इंजिनिअर घर्षणाचे प्रयोग करत होते. मांडणी रेल्वेच्या पेटीसारखीच: खाली तेलात बुडालेला फिरता जर्नल, वर पितळेची अर्धी टोपी, तिच्यावर वजन. टोपीच्या माथ्याला त्यांनी भोक पाडलं. तेल वरून सोडावं ही तर तेव्हाची रीतच होती. यंत्र सुरू केलं तर त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर उसळायला लागलं. त्यांनी बूच ठोकलं. बूच उडालं. लाकडाची खुंटी मारली, तीही वर सरकत बाहेर आली. मग तिथे दाबमापक लावला, तर टोपीवरच्या सरासरी दाबाच्या दुपटीहून अधिक दाब दाखवून काटा पट्टीबाहेर गेला.

खुंटी बाहेर ढकलणारं ते तेलच वजन पेलत होतं. फिरता जर्नल आपल्याबरोबर तेल ओढून नेतो, निमुळत्या होत जाणाऱ्या फटीत कोंबतो, आणि तिथे त्याचा असा दाब तयार होतो की टोपी उचलली जाते. पितळ जर्नलला टेकतच नाही. डबा, माणसं, सामान, सगळं केसाहून बारीक अशा तेलाच्या थरावर तरंगत चाललेलं असतं. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं, आणि तिकडे रशियात निकोलाय पेत्रोव्ह यांनी १८८३ मध्येच रेल्वेच्या आसांवर अभ्यास करून घर्षण हे तेलाच्या दाटपणावर कसं ठरतं ते दाखवलं होतं. बाकूचं स्वस्त खनिज तेल महागड्या चरबीच्या आणि बियांच्या तेलाच्या जागी चालेल का, हा त्यांच्यापुढचा व्यवहारातला प्रश्न होता. चालतं, असं निघालं.

मी हे प्रथम वाचलं तेव्हा काकांना सांगायला धावलो होतो. ते शांतपणे म्हणाले, 'म्हणूनच गाडी उभी असते तेव्हा तिला त्रास.' मला समजायला वेळ लागला. आस फिरत असतो तोवरच थर असतो. थांबला की वजन तेलाला पिळून बाहेर काढतं आणि धातू धातूवर बसतो. झीज होते ती सुटताना आणि थांबताना. म्हणून पितळेच्या टोपीला आतून मऊ धातूचं अस्तर द्यायचे. १८३९ मध्ये अमेरिकेत आयझॅक बॅबिट यांनी यासाठी पेटंट घेतलं: मुख्यतः कथील, त्यात थोडं तांबं आणि अँटिमनी. कचरा आला तर तो या मऊ अस्तरात रुतून बसतो, जर्नलला चरा पडत नाही. म्हणजे वंगणाच्या शेजारी शेवटी वंगही येऊन बसलंच, फक्त व्युत्पत्तीतून नाही, मुशीतून.

मग आले छर्रे आणि रोलर. १८९८ मध्ये हेन्री टिमकेन या घोडागाड्या बनवणाऱ्या कारखानदाराने निमुळत्या रोलरच्या बेरिंगचं पेटंट मिळवलं. वळणावर चाकाला बसणारा आडवा रेटाही ते पेलतं. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या एका कापडगिरणीत शाफ्ट सरळ रेषेत राहत नसल्याने बेरिंगं सारखी जात होती, तेव्हा तिथले इंजिनिअर स्वेन विंगक्विस्ट यांनी १९०७ मध्ये वाकड्या शाफ्टशी जुळवून घेणारं बेरिंग बनवलं आणि त्यातून एसकेएफ उभी राहिली. पुण्याजवळ चिंचवडला त्यांचा कारखाना आहे. आपल्याकडे उसाच्या बैलगाडीलाही बेरिंग आणि रबरी टायर आले, लोक तिला डनलॉप गाडी म्हणू लागले, आणि तिच्याखालचा नळा गेला.

ग्रीस म्हणजे तरी काय? साबणाच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल. स्पंजातून पाणी झिरपावं तसं ते गरजेपुरतं झिरपतं. आपल्या एमआयडीसीतल्या पंपांना, गिअरबॉक्सना शिफ्टवरचा माणूस निपलवर गन लावून तेच भरतो. रेल्वेच्या नव्या बेरिंगांत ते भरून बंद केलेलं असतं.

डोंबिवलीहून सीएसएमटी ४८ किलोमीटर. लोकलच्या नव्या चाकाचा व्यास ९५२ मिलिमीटर, घेर जवळपास ३ मीटर. म्हणजे एका खेपेत प्रत्येक चाक १६ हजार वेळा फिरतं. बारा डब्यांच्या गाडीला ४८ आस आणि ९६ पेट्या. सकाळी दारात लटकणारे, आत चेंगरलेले आपण सगळे त्या ९६ पेट्यांवर असतो.

काका निवृत्त झाल्यावर त्यांच्या हाताशी एकच यंत्र उरलं, काकूंचं शिवणयंत्र. नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री काका ते उघडायचे. सुईखालची पट्टी काढून ब्रशने सुताचा गोळा झाडायचा, लांब चोचीच्या कुपीने प्रत्येक भोकात एकच थेंब, मग दोरा न ओवता चाक हाताने सावकाश फिरवायचं आणि कान लावून ऐकायचं. कुठे कोरडं ऐकू आलं तर तिथे आणखी एक थेंब. वर आलेलं तेल जुन्या धोतराच्या तुकड्याने टिपून घ्यायचे. आतून काकू हाक मारायच्या, उद्या पहाटे अंगाला लावायचं तेल गरम करायला ठेवलंय म्हणून.