व्यावसायिक दायित्व विमा

विशेष ज्ञान व कौशल्य यांच्या बळावर मोबदला घेऊन सेवा देणाऱ्या व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या हयगयीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाल्यास, त्याबद्दल कायद्याने द्यावी लागणारी भरपाई आणि दाव्याचा खर्च ठराविक मर्यादेपर्यंत सोसण्याची हमी देणारा विमा. डॉक्टर, रुग्णालये, वकील, सनदी लेखापाल, वास्तुशिल्पज्ञ, अभियंते व विविध क्षेत्रांतील सल्लागार हे त्याचे मुख्य ग्राहक होत. आगीच्या विम्यात विमेदाराचे स्वतःचे नुकसान भरून निघते; दायित्व विम्यात त्याच्यावर येणारी दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी उचलली जाते. म्हणून हा विमा हप्ता भरणाऱ्याइतकाच, विमापत्रात ज्याचे नावही नसते अशा रुग्णाच्या किंवा पक्षकाराच्याही हिताचा आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : व्यावसायिकाच्या चुकीला शासन करण्याची कल्पना फार जुनी आहे. बॅबिलोनियाच्या हामुराबी राजाच्या संहितेत शस्त्रक्रियेत उच्चवर्णीय रुग्ण दगावल्यास वैद्याचे हात तोडावेत आणि घर कोसळून मालक मेल्यास ते बांधणाऱ्याला देहान्त शिक्षा द्यावी, असे नियम होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात जिवाला धोका असलेल्या रुग्णावर राजपुरुषांना न कळविता उपचार करणाऱ्या व त्याच्या मृत्यूस कारण होणाऱ्या वैद्याला दंड सांगितला असून, उपचारातील चुकीने मृत्यू ओढवल्यास दंडाची पायरी वाढविली आहे. मनुस्मृतीतही चुकीचे उपचार करणाऱ्यास दंड आहे. तो पशूंच्या बाबतीत कमी व माणसांच्या बाबतीत अधिक आहे. या व्यवस्थांचा भर अपराध्याला शासन करण्यावर होता. दंडाची रक्कम राजाकडे जमा होई. पीडिताच्या कुटुंबाला भरपाई मिळावी हा विचार आधुनिक नुकसानभरपाईच्या कायद्यातच ठळकपणे पुढे आला.

हा कायदा मुख्यतः इंग्लंडमधील न्यायनिर्णयांतून विकसित झाला. १८८५ मध्ये लंडन येथे डॉक्टरांनी परस्पर साहाय्यासाठी ‘मेडिकल डिफेन्स युनियन’ ही संस्था स्थापन केली. १८९५ मध्ये लंडन अँड जनरल बँकेच्या प्रकरणात भांडवलातून लाभांश वाटला जात असल्याचे भागधारकांना स्पष्टपणे न सांगणाऱ्या हिशेबतपासनिसाला जबाबदार धरण्यात आले. १९५७ च्या बोलम खटल्यात डॉक्टरच्या कौशल्याची कसोटी त्या शाखेतील जबाबदार व्यावसायिकांच्या मान्य प्रथेवरून ठरवावी, असे तत्त्व मांडले गेले. १९६३ च्या हेडली बर्न खटल्यात, विश्वासाने घेतलेला सल्ला हयगयीचा ठरल्यास त्यामुळे झालेल्या केवळ आर्थिक नुकसानीचेही दायित्व येऊ शकते, हे मान्य झाले. जबाबदारीचे क्षेत्र असे विस्तारत गेले, तसतशी विम्याची गरजही वाढत गेली.

महाराष्ट्रातील दोन खटले : भारतात या विषयावरील महत्त्वाचे दोन निर्णय महाराष्ट्रातील घटनांवरून झाले. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये दिला. १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत येथे अपघातात मांडीचे हाड मोडलेला एक तरुण पुण्याच्या रुग्णालयात उपचार चालू असताना मरण पावला होता. रुग्ण स्वीकारावा की नाही हे ठरविताना, उपचारपद्धती निवडताना आणि प्रत्यक्ष उपचार करताना अशा तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने वाजवी काळजी घेतली पाहिजे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. मंजूर झालेली भरपाई ३,००० रुपये होती.

दुसरा खटला मराठवाड्यातील आहे. १० जुलै १९६३ रोजी औरंगाबादच्या (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) शासकीय रुग्णालयात एक स्त्री प्रसूतीसाठी दाखल झाली. बाळंतपणानंतर तिच्यावर संततिनियमनाची शस्त्रक्रिया करण्यात आली. त्यानंतर तिची प्रकृती बिघडत गेली. पुन्हा शस्त्रक्रिया केली असता, पोटात राहून गेलेला कापडी बोळा सापडला. २४ जुलै रोजी तिचा मृत्यू झाला. कुटुंबाने केलेल्या दाव्यात दिवाणी न्यायालयाने ३६,००० रुपयांची भरपाई मंजूर केली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली. अखेर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निर्णयात ती पुन्हा कायम केली. नेमकी चूक कोणा एका डॉक्टरची हे सिद्ध न झाले, तरी कर्मचाऱ्यांच्या हयगयीबद्दल मालक या नात्याने शासन जबाबदार आहे, असे ठरले.

मृत्यू व अंतिम निकाल यांत सुमारे ३३ वर्षांचे अंतर पडले. तरीही देणेकरी शासन असल्याने कुटुंबाचा हक्क बुडाला नाही. खाजगी व्यवसायात अशी शाश्वती नसते. मधल्या काळात डॉक्टर निवृत्त होतो, दवाखाना बंद पडतो किंवा मिळकतीची वाटणी होते. अशा वेळी हुकूमनाम्याला प्रत्यक्ष रकमेचे रूप देणारे साधन म्हणजे विमापत्र होय.

ग्राहक कायदा : ग्राहक संरक्षण अधिनियम १९८६ मध्ये संमत झाला. मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा त्याच्या कक्षेत येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात दिला. जेथे सर्वांनाच विनामूल्य उपचार मिळतात अशी रुग्णालये मात्र त्यातून वगळली गेली. तेथील रुग्णाला दिवाणी न्यायालयाचा मार्ग उरतो. या निर्णयानंतर डॉक्टरांना विम्याची निकड विशेष जाणवू लागली. २०१३ मध्ये कोलकात्यातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ५.९६ कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. त्यामुळे विम्याची मर्यादा किती असावी हाही प्रश्न पुढे आला. १९८६ च्या कायद्याची जागा २०१९ च्या अधिनियमाने घेतली असून, तक्रारीसाठी सर्वसाधारणपणे दोन वर्षांची मुदत आहे. वकिलांची सेवा या कायद्याखाली येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ठरविले. त्यांच्यावरील दिवाणी दायित्व मात्र त्यामुळे संपलेले नाही.

विमापत्राचे स्वरूप : या विम्याचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य काळाशी निगडित आहे. आगीच्या विम्यात आग लागली त्या दिवशी विमा चालू असणे पुरेसे असते. व्यावसायिक दायित्वाची विमापत्रे सामान्यतः दावा ज्या मुदतीत दाखल होतो, त्या मुदतीतील विमापत्राने तो सोसावा या तत्त्वावर आधारलेली असतात. शिवाय चूक पूर्वलक्षी तारखेनंतर घडलेली असावी लागते. ही तारीख बहुधा विमा प्रथम घेतल्याचा दिवस असते व खंड न पाडता नूतनीकरण केल्यास ती टिकून राहते. परभणीतील एखाद्या शल्यचिकित्सकाने २०१८ पासून दरवर्षी विमा घेतला, २०२१ मध्ये शस्त्रक्रिया केली, २०२२ मध्ये व्यवसाय थांबवून विमाही बंद केला आणि २०२३ मध्ये रुग्णाने मुदतीत तक्रार केली असे समजल्यास, चार वर्षे हप्ते भरूनही विम्याचे संरक्षण मिळणार नाही. म्हणून निवृत्तीनंतरही काही काळ संरक्षण चालू ठेवणे हिताचे ठरते.

विमापत्रात एका घटनेसाठीची व संपूर्ण वर्षासाठीची अशा दोन मर्यादा असतात. दाव्याची सूचना कंपनीला तत्काळ द्यावी व तिच्या संमतीवाचून दायित्व मान्य करू नये, अशा अटी असतात. गुन्हेगारी कृत्य, नशेच्या अंमलाखाली केलेले काम, हेतुपुरस्सर केलेली हानी आणि शासनाने किंवा न्यायालयाने केलेला दंड यांना संरक्षण मिळत नाही. दंडाचा भार अपराध्यानेच वाहावा, हे प्राचीन तत्त्व येथे कायम राहिले आहे.

प्रमुख प्रकार : (१) वैद्यकीय : डॉक्टरचे वैयक्तिक विमापत्र व रुग्णालयाचे विमापत्र ही वेगवेगळी असतात. रुग्णालयाच्या विमापत्रात परिचारिका, तंत्रज्ञ इ. पात्रताधारक कर्मचाऱ्यांच्या चुकांचा समावेश करता येतो. बाहेरून येणाऱ्या सल्लागार डॉक्टरांच्या समावेशाची खातरजमा करावी लागते. (२) अभियंते व वास्तुशिल्पज्ञ : आराखडा, मोजमाप व देखरेख यांतील चुका. (३) वकील, सनदी लेखापाल व आर्थिक सल्लागार : हुकलेली मुदत, सदोष दस्तऐवज, चुकीचा सल्ला वा हिशेबतपासणीतील हयगय. (४) कंपन्यांचे संचालक व अधिकारी : कारभारविषयक निर्णयांतून उद्‌भवणारे दावे. (५) माहिती तंत्रज्ञान : सदोष संगणक प्रणाली किंवा माहितीची गळती यांमुळे ग्राहकाचे झालेले नुकसान.

भारतात मोटारवाहनांच्या त्रयस्थ पक्ष विम्याप्रमाणे या विम्याची सरसकट सक्ती नाही. भोपाळ वायुदुर्घटनेनंतर १९९१ मध्ये आलेल्या सार्वजनिक दायित्व विमा अधिनियमाची सक्ती घातक पदार्थ हाताळणाऱ्यांपुरती आहे. विमा दलालांना मात्र विमा नियामक प्राधिकरणाच्या नियमांनुसार व्यावसायिक विमा घ्यावाच लागतो.

परभणी जिल्ह्यात विशेषोपचारांसाठी रुग्णांना दीर्घ काळ औरंगाबाद किंवा नांदेड गाठावे लागे. परभणी येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ मध्ये सुरू झाले. तालुक्याच्या गावांतील लहान खाजगी रुग्णालयांच्या पाठीशी शासनासारखा सधन मालक नसतो. ग्राहक आयोगाचा आदेश रुग्णाच्या बाजूने झाला, तरी त्याची वसुली डॉक्टरच्या ऐपतीवर किंवा चालू असलेल्या विमापत्रावर अवलंबून राहते. तेव्हा दायित्व ठरविणे हे न्यायाचे एक अंग असून, ते फेडण्याची तरतूद आधीच करून ठेवणे हे त्याचे दुसरे अंग होय.