क्रीडांगण आणि प्रेक्षकाची जागा

स्पेन देशांतील फुटबॉलचा इतिहास सांगावयाचा म्हणजे तो खेळाडूंइतकाच क्रीडांगणांचाहि सांगावा लागतो. १९२५ सालीं बार्सिलोना क्लबाच्या ले कोर्त्स मैदानावर स्पेनची राष्ट्रधून वाजूं लागतांच प्रेक्षकांनीं शिट्या घातल्या. प्रीमो दे रिव्हेराच्या हुकूमशाहीनें तें मैदानच कांहीं महिने बंद केलें. अन्यत्र मोकळेपणानें बोलतां येत नव्हतें, तें कातालान लोक तेथें बोलले. पुढें माद्रिदचे अध्यक्ष सान्तियागो बेर्नाबेऊ यांनीं सभासदांस कर्जरोखे विकून नवें क्रीडांगण उभारलें. तें १९४७ च्या डिसेंबरांत खुलें झालें. बार्सिलोनाचें काम्प नोऊ १९५७ मध्यें झालें. या दोन्ही संस्थांचे अध्यक्ष सभासदच निवडतात. म्हणून तेथील प्रेक्षक क्रीडांगणास आपलें घर मानतो, आणि त्याचें मानणें अगदींच निराधार नाहीं.

आपल्या मुंबईंत फुटबॉलच्या रोव्हर्स चषकाचे सामने १८९१ पासून सुरू झाले खरे. परंतु मोठी वास्तु उठली ती क्रिकेटसाठीं. तिच्या पायाशीं जागेचाच तंटा होता. १८८० नंतरच्या काळांत युरोपियनांच्या पोलोच्या घोड्यांनीं मैदानाचें गवत उखडूं नये, म्हणून पारशी क्रिकेटपटूंना सरकारदरबारीं अर्ज करावे लागले. १९३३ च्या डिसेंबरांत हिंदुस्थानांतला पहिला कसोटी सामना बाँबे जिमखान्यावर झाला. ज्या संस्थेंत हिंदी मनुष्यास सभासद होतां येत नव्हतें, तिच्याच अंगणांत लाला अमरनाथ यांनीं शतक काढलें!

या अपमानावर उतारा म्हणून क्रिकेट क्लब ऑफ इंडियानें बॅकबेच्या भरावाच्या जमिनीवर ब्रेबर्न स्टेडियम बांधलें. अँथनी डी मेलो यांची खटपट, संस्थानिकांचा पैसा आणि गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न यांची अनुकूलता, यांतून ७ डिसेंबर १९३७ रोजीं तें खुलें झालें. पण दार उघडलें म्हणून भांडण मिटलें असें नाहीं. त्याच हंगामांत आपल्या वांट्यास आलेल्या जागा अपुऱ्या आहेत, म्हणून हिंदु जिमखान्यानें पंचरंगी सामन्यांतून अंग काढून घेतलें. धर्मवार संघांचे ते सामने १९४६ नंतर बंद पडले. जागांचा वाद मात्र उरला. पुढें तिकिटांच्या वांटणीवरूनच मुंबई क्रिकेट असोसिएशन आणि क्लब यांच्यांत बिनसलें, आणि शेषराव वानखेडे यांच्या पुढाकारानें एका मैलाच्या आंत दुसरें क्रीडांगण सुमारें तेरा महिन्यांत उभें राहिलें. १९७५ च्या जानेवारींत तेथें वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला कसोटी सामना झाला. २ एप्रिल २०११ रोजीं विश्वचषक जिंकला गेला तोहि तेथेंच.

एक शहर, दोन क्रीडांगणें, आणि दोहोंच्या इतिहासांत एकच प्रश्न: बसावयाचें कोणी? माद्रिद-बार्सिलोनाचा सामान्य सभासद वर्गणी भरून त्या प्रश्नाच्या उत्तराचा भागीदार होतो. आपल्याकडे ही वांटणी जिमखाने, क्लब आणि असोसिएशन यांच्या बैठकींत होत आली. मैदानाबाहेर रांगेंत उभ्या असलेल्या मनुष्यास तिच्यांत मत नव्हतें.

डहाणूकडे पाहिलें म्हणजे हा विषय नुसता शहरी राहत नाहीं. २०१३ पासून उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत जाते. त्या गाडीचें दुसरें टोंक चर्चगेट, आणि ब्रेबर्न व वानखेडे हीं दोन्ही क्रीडांगणें त्या स्थानकापासून पायीं जाण्याजोगीं आहेत. मार्ग सुमारें सव्वाशें किलोमीटरांचा. तलासरी तर त्याहूनहि पलीकडे, गुजरातच्या सीमेला लागून. चिकूच्या वाडींत मजुरी करणाऱ्या वारली बापाच्या मुलास त्या सज्ज्यांत बसावयाचें, तर दिवसाची मजुरी, गाडीभाडें आणि तिकीट या तिन्हींचा मेळ घालावा लागेल. म्हणून नव्या क्रीडांगणाची योजना निघेल तेव्हां सज्जा किती उंच हें विचारण्याआधीं, जिल्ह्यांतल्या शाळांतील मुलांसाठीं किती जागा आणि कोणत्या दरानें राखल्या आहेत, हें विचारावें असें आम्हांस वाटतें. तोच हिशेब तालुक्याच्या मैदानाचाहि मांडावा. कारण राजधानींत बसावयास जागा मिळणें आणि गांवांत खेळावयास जागा मिळणें, हे दोन हक्क एकमेकांस सोडून फार काळ टिकत नाहींत.