जोडीतला एक गेला तर? इरिना रोदनिनाची कारकीर्द

आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. आपल्या मालेगावात बर्फ दिसतो तो रसवंतीवर, नाहीतर गोळ्याच्या गाडीवर. मग वाशिम जिल्ह्यात बसून बर्फावर नाचणाऱ्या जोड्यांचा इतिहास कशाला?

पण जोडी म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात समजावून सांगावं लागत नाही. ऐन पेरणीत जोडीतला एक बैल गेला, तर नुसता दुसरा आणून भागत नाही. चाल जुळावी लागते. आज आपण हाच प्रश्न एका खेळाडूच्या कारकिर्दीला विचारणार आहोत.

जोडीचं फिगर स्केटिंग ऑलिंपिकमध्ये आलं 1908 साली, लंडनला. एक स्त्री, एक पुरुष, पायात धारदार पात्यांचे बूट. तो तिला डोक्यावर उचलतो, हवेत फेकतो. तिनं एका पायावर उतरायचं. खाली टणक बर्फ. इथे विश्वास ही भावनेची गोष्ट नाही, हाडं शाबूत राहण्याची गोष्ट आहे.

इरिना रोदनिनाचा जन्म 1949 चा, मॉस्कोचा. लहानपणी तिला वारंवार न्यूमोनिया व्हायचा. मोकळ्या हवेत तब्येत सुधारेल म्हणून आईवडिलांनी तिला बर्फावर नेलं. पुढे प्रशिक्षक स्तानिस्लाव झुक यांनी तिची जोडी अलेक्सेई उलानोवशी जमवली. त्या काळी बेलोउसोवा-प्रोतोपोपोव हे सोव्हिएत जोडपं दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं घेऊन बसलेलं. त्यांची शैली संथ, देखणी. 1969 साली या नव्या जोडीनं वेग आणि ताकद आणली, आणि जगज्जेतेपद घेतलं.

1972 मध्ये साप्पोरोला ऑलिंपिक सुवर्ण मिळालं. पण उलानोवचं मन प्रतिस्पर्धी जोडीतल्या ल्युदमिला स्मिर्नोवावर जडलं होतं, आणि पुढे तिच्यासोबतच स्केटिंग करायचं त्यानं ठरवलं. त्याच वर्षी कॅल्गरीच्या विश्वस्पर्धेआधी सरावात रोदनिना पडली, डोक्याला मार लागला. तरीही ती उतरली, जिंकली. चौथं जगज्जेतेपद मिळालं आणि जोडी फुटली.

तेव्हा ती होती 22 वर्षांची. झुक यांनी नवा जोडीदार आणला, लेनिनग्राडचा अलेक्सांद्र झाइत्सेव. एका वर्षाच्या आत दोघं ब्रातिस्लाव्हाच्या विश्वस्पर्धेत उतरले. कार्यक्रम निम्म्यात, आणि संगीत बंद पडलं! 1968 साली सोव्हिएत रणगाडे याच देशात घुसले होते. अनेकांनी या घटनेचा संबंध त्या रागाशी जोडला. पण हे दोघं थांबले नाहीत. ताल द्यायला काही नाही, फक्त पात्यांचा आवाज. शेवटपर्यंत पावलं जुळलेली राहिली. प्रेक्षकांनी टाळ्यांनी दाद दिली, सुवर्ण त्यांनाच मिळालं. रौप्य कुणाला? स्मिर्नोवा आणि उलानोव यांना.

1975 मध्ये रोदनिना-झाइत्सेव यांनी लग्न केलं, 1976 ला इन्सब्रुकचं सुवर्ण घेतलं. 1978 पर्यंत रोदनिनाची सलग दहा जगज्जेतेपदं झाली. 1979 च्या फेब्रुवारीत मुलगा झाला, त्या वर्षीची विश्वस्पर्धा हुकली; ती अमेरिकेच्या बॅबिलोनिया-गार्डनर यांनी जिंकली. सगळ्यांना वाटलं, आता संपलं. पण बाळंतपणानंतर वर्षभरात ती लेक प्लॅसिडला हजर! दुखापतीमुळे गार्डनरला माघार घ्यावी लागली, आणि रोदनिनानं तिसरं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. विजयमंचावर तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

आता मूळ प्रश्न. दहा जगज्जेतेपदं, चार उलानोवबरोबर, सहा झाइत्सेवबरोबर. मग श्रेय कुणाचं? सोपं उत्तर असं, की जोडीदार बदलला तरी विजय बदलला नाही, म्हणजे सगळं तिचंच. पण आम्हाला हे अर्धंच खरं वाटतं. तिचं एकही जगज्जेतेपद एकटीचं नाही. प्रत्येकावर दोन नावं आहेत. ब्रातिस्लाव्हात संगीत थांबलं तेव्हा झाइत्सेव गोंधळला असता, तर तिचं कसब एकटं काय करणार होतं? तिचं मोठेपण हे, की नव्या माणसाबरोबर चाल पुन्हा पहिल्यापासून जुळवायला ती तयार झाली. आणि ती जुळली, यात त्याचाही तेवढाच वाटा.

इतिहासात एक नाव मोठं होतं, दुसरं तळटीपेत जातं. आपल्या घरात, शेतात, संस्थांमध्येही हेच होतं ना? तेवढं एकदा तपासून बघू या. आता तुमचे प्रश्न घेऊ.