डाव वाढवितांना

रत्नागिरीच्या उत्तरेस आरे आणि वारे हीं दोन गांवें समुद्राला लागून आहेत. तेथें खाडी आहे आणि तिच्या मुखापुढें भरसमुद्र. खाडींत सुखानें चालणारी होडी घेऊन कोणी भरसमुद्रांत शिरूं लागला तर त्याला कोळी शहाणा म्हणणार नाहीं. आधीं होडी मोठी, मग पाणी खोल, हा सरळ क्रम आहे. पैशाच्या व्यवहारांत मात्र भलीं शहाणीं माणसें हा क्रम उलटा करितात. १८६५ सालीं मुंबईस शेअरांचें जें वेड कोसळलें तें याचें ठळक उदाहरण होय.

१८६१ च्या एप्रिलांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांस हिंदी कापसाकडे वळावें लागलें. मुंबईंत पैशाचा पूर आला. ही पहिली कमाई खरी होती. माल होता, गिऱ्हाईक होतें. पण तेवढ्यावर कोण थांबतो! कापसांतला नफा नव्या बँकांत आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांत ओतला गेला. बॅक बे कंपनीचा पांच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरांत पोंचला. १८६३ च्या कायद्यानें बाँबे बँकेवरील जुनीं बंधनें सैल झालीं होतीं. शेअर तारण ठेवून कर्ज मिळे आणि त्या कर्जांतून पुन्हां शेअर घेतले जात. म्हणजे डाव तर वाढलाच, पण वाढलेला डाव स्वतःच्या पैशावर उभा नव्हता.

१८६५ च्या एप्रिलांत जनरल ली शरण गेला आणि कापूस घसरला. १ जुलै रोजीं मुदतीचे सौदे चुकते करण्याची वेळ आली, तेव्हां देण्यास पैसा नाहीं अशी अवस्था झाली. बाँबे बँकेचा २८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर ८७ रुपयांवर आला, आणि १८६८ मध्यें ती बँकच गुंडाळली गेली. पोळलेले सगळेच मूर्ख होते असें नाहीं. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखा निष्णात वैद्य आणि प्राचीन लेखांचा चिकित्सक संशोधकही त्यांत होता. बुद्धि कमी पडली नाहीं, प्रमाण चुकलें.

प्रमाणाचा हा प्रश्न गणितांत जुना आहे. हायगेन्सनें तो १६५७ मध्येंच हाताळला होता. समजा, एक खेळाडू शंभरांत साठ डाव जिंकतो, जिंकल्यास लावले तितके मिळवितो, आणि समोरच्याची थैली अक्षय्य आहे. जवळ १० रुपये असून तो दर डावास १ रुपया लावीत गेला, तर केव्हां तरी पुरता नागवला जाण्याचा संभव शेंकडा पावणेदोनांहूनही कमी. तोच दर डावास १० रुपये लावूं लागला, तर तो संभव शेंकडा ६७ च्या आसपास! कौशल्य तेंच, पैसा तोच. १९५६ मध्यें अमेरिकेंत जॉन केली यानें अशा खेळासाठीं हिशेब मांडला, कीं दर वेळीं हातीं असेल त्याचा पांचवा हिस्सा लावावा. पैसा घटला कीं डाव आपोआप लहान होतो.

पोकर हा पत्त्यांचा खेळ पोटासाठीं खेळणारे सावध लोक हेंच करितात. घरखर्चापासून वेगळी काढलेल्या रकमेस ते बँकरोल म्हणतात. वरच्या टेबलावरच्या अनेक बैठकींचा तोटा ती सोसेल तरच तेथें बसतात, आणि ती घटतांच खालच्या टेबलावर परततात. हें परतणेंच कठीण. वर चढतांना हिशेब लागतो. खालीं उतरतांना मान गिळावा लागतो. मुंबईकरांस तर उतरण्याची सोयच नव्हती, कारण कालचा नफा आजच्या सौद्यास तारण होता.

या तेजीचे अध्वर्यु प्रेमचंद रायचंद यांचीही संपत्ति तींत गेली. मात्र तेजी ऐन भरांत असतां, १८६४ मध्यें, त्यांनीं मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठीं दोन लाख आणि मनोऱ्यासाठीं दोन लाख रुपये देऊन टाकले होते. हेतु दानाचा होता, हिशेबाचा नव्हे. पण तेवढा पैसा डावाबाहेर पडला. आईच्या नांवाचा तो राजाबाई मनोरा १८७८ मध्यें पुरा झाला.