नोंदवहीतले निनावी बालक

बाप्तिस्म्याची नोंद करताना आम्हां धर्मगुरूंची लेखणी प्रथम टेकते ती बालकाच्या नावावर. आईबाप, धर्मपिता, धर्ममाता, तारीख, स्वाक्षरी हे सारे त्यामागून येते. अमेरिकेच्या मिसूरी राज्यात ब्रश क्रीक नावाचे एक खेडे आहे. तेथील संत पेत्राच्या देवळातील वहीत २९ मे १८५४ या तारखेची एक नोंद सापडते. तीत बालकाचे नावच नाही. कृष्णवर्णीय मूल, जन्म १ एप्रिल, स्टीफन एलियट यांची मालमत्ता, एवढेच त्या गुरूने लिहिले. धर्ममाता म्हणून उभी राहिली ती मालकाची पत्नी.

वाचकहो, येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. धर्ममाता आणि बालक यांच्यात आध्यात्मिक नाते जुळते, असे ख्रिस्तसभा सांगते. ज्या हातांनी या बाईने ते मूल बाप्तिस्म्याच्या कुंडावर धरले, त्याच हातांत त्याच्या विक्रीचा अधिकारही होता. एलियट कुटुंब श्रद्धावान कॅथोलिक होते. रविवारी मिस्सा चुकत नसेल, उपासही पाळले जात असतील. त्यांना क्रूर ठरवून आपली सुटका होत नाही. भाविक माणसांना या दोन गोष्टी एकत्र नांदवता आल्या, हेच तर समजून घ्यायचे आहे.

आणि हे अडाणी शेतकऱ्यांपुरते नव्हते. १८३८ साली मेरीलँडच्या येशूसंघीय गुरूंनी आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम स्त्री-पुरुष व मुले लुइझियानाच्या मळेवाल्यांना विकण्याचा करार केला. किंमत ठरली १,१५,००० डॉलर, आणि त्यातील काही रक्कम जॉर्जटाउन कॉलेजचे कर्ज फेडण्यात गेली. रोमहून संघाचे प्रमुख यान रोथान यांनी अटी घातल्या होत्या: कुटुंबे फोडू नयेत, त्यांच्या धर्माचरणाची सोय व्हावी, पैसा कर्जफेडीत खर्च होऊ नये. अटी कागदावरच राहिल्या. व्यवहार करणारे प्रांतप्रमुख थॉमस मलेडी यांना पदावरून दूर व्हावे लागले खरे, परंतु काही वर्षांतच ते दुसऱ्या एका कॉलेजचे पहिले अध्यक्ष झाले. पुढल्याच वर्षी, डिसेंबर १८३९ मध्ये, पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा कडक निषेध केला. त्यावर अमेरिकेतील काही बिशपांनी अर्थ लावला, की हा निषेध परदेशी व्यापाराचा आहे, घरच्या गुलामगिरीचा नव्हे! शास्त्र शिकलेल्यांना पळवाट लवकर सापडते, हे आम्ही आमच्याच वर्गाविषयी लिहीत आहोत.

आता त्या निनावी बालकाकडे वळू. आईने त्याचे नाव ऑगस्टस ठेवले होते. यादवी युद्ध पेटले तेव्हा, १८६२ साली, मार्था टोल्टन ही माउली तीन लेकरांना घेऊन मिसिसिपी नदीपार पळाली आणि इलिनॉय राज्यातील क्विन्सी गावी आली. ऑगस्टस तंबाखूच्या कारखान्यात राबू लागला. धर्मग्रामाच्या एका शाळेत गोऱ्या पालकांनी त्याला टिकू दिले नाही. तेव्हा पीटर मॅकगर या आयरिश गुरूंनी त्याला आपल्या शाळेत घेतले आणि विरोधाला भीक घातली नाही. मुलाला गुरू व्हायचे होते. अमेरिकेतील एकाही सेमिनरीने दार उघडले नाही. अखेर १८८० मध्ये तो रोमला, प्रोपागंदा फिदेच्या विद्यालयात दाखल झाला.

हा रोमचा रस्ता आपल्याकडील एका माणसाने अडीचशे वर्षे आधी तुडवला होता. गोव्यातील दिवाडी बेटावरच्या मातेउश द कास्त्रो यांना तेथील अधिकाऱ्यांनी गुरुदीक्षा नाकारली. ते रोमला गेले, याच प्रोपागंदाच्या आश्रयाने गुरू झाले आणि १६३७ साली बिशप होऊन विजापूरच्या मुलखासाठी नेमले गेले.

टोल्टन यांना २४ एप्रिल १८८६ रोजी, पवित्र शनिवारी, लॅटरन महामंदिरात गुरुदीक्षा मिळाली. आपल्याला आफ्रिकेत धाडतील अशी त्यांची समजूत होती. पाठवले अमेरिकेत, तेही क्विन्सीला. त्यांच्या मिस्सेला गोरे भाविकही येऊ लागले आणि तेच शेजारच्या एका गुरूला खुपले. आपल्या वर्णापुरतेच काम करा, असे सांगण्यात आले. १८८९ मध्ये ते शिकागोला गेले. गरीब कृष्णवर्णीयांसाठी त्यांनी संत मोनिकेचे देऊळ उभारले. जुलै १८९७ मध्ये, उष्णतेची लाट असताना, गुरूंच्या तपसाधनेहून परतताना ते रस्त्यात कोसळले आणि ९ जुलैला वारले. वय अवघे ४३.

जून २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना ‘आदरणीय’ घोषित केले. याचा आनंद आहेच. परंतु एक धोकाही आम्हांस दिसतो. सोसणाऱ्याला वेदीवर चढवायचे आणि ज्या दारांनी त्याला परत पाठवले त्यांची आठवण पुसायची, हे फार सोपे आहे. समेट तसा होत नाही.

त्या दृष्टीने जॉर्जटाउनने उचललेली पावले अधिक कठीण वाटतात. १८ एप्रिल २०१७ रोजी तेथे पश्चात्तापाची उपासना झाली आणि येशूसंघाने विकलेल्यांच्या वंशजांची जाहीर क्षमा मागितली. मलेडी यांचे नाव असलेल्या इमारतीला आयझॅक हॉकिन्स यांचे नाव दिले गेले. विक्रीच्या यादीत पहिले नाव त्यांचे होते, वय ६५. २०२१ मध्ये संघाने वंशजांबरोबरच्या कार्यासाठी १० कोटी डॉलर उभारण्याचे वचन दिले. क्षमायाचना ऐकणाऱ्या वंशजांपैकी सर्वांचे समाधान झाले नाही, आणि तसे होण्याची अपेक्षाही कोणी करू नये.

हे वंशज सापडले कसे? जहाजाच्या याद्या होत्या, विक्रीचे कागद होते. आणि लुइझियानातील देवळांच्या वह्याही होत्या. विकले गेलेले ते लोक तेथेही कॅथोलिक राहिले होते. त्यांचे बाप्तिस्मे, विवाह आणि दफने तेथील गुरूंनी लिहून ठेवली होती, आणि त्यांत नावे होती.