एक राजगुरू, दोन चेहरे

'बाहुबली' (2015) मुळात तेलुगू आणि तमिळ अशा दोन भाषांत शूट झाला होता. आमच्या दिघोरीकडे (जिल्हा भंडारा) सगळ्यांनी तो बघितला हिंदी डबिंगमधे. दक्षिणेत ही पद्धत जुनीच. के. व्ही. रेड्डींचा 'पाताळ भैरवी' (1951) आठवा: जादूगार, राजकन्या, गुहा, तलवारी, आणि दोन्ही भाषांत तेच एन. टी. रामाराव नि तेच एस. व्ही. रंगाराव.

पण मंडळी, त्याच्या सतरा वर्षं आधी आपल्या पुण्यात असाच उद्योग झालाय. प्रभातचा 'अमृतमंथन', 1934. कंपनी 1929 साली कोल्हापुरात निघाली, 1933 मधे पुण्याला आली, आणि इथला हा तिचा पहिला चित्रपट. मराठी आणि हिंदी, दोन्हीत. दिग्दर्शक अर्थातच शांताराम.

गोष्ट ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरून घेतलेली. राजा क्रांतिवर्मा देवीपुढचे पशुबळी, नरबळी बंद करतो आणि राजगुरू चिडून त्याच्या खुनाचा कट रचतो. सेट तेच, नाचगाणी त्याच धर्तीची, पण राजगुरू मात्र दोन! हिंदीत चंद्रमोहन, मराठीत केशवराव दाते.

आता डबिंग का नाही केलं? तेव्हा आवाज सेटवरच, कॅमेऱ्याबरोबर रेकॉर्ड व्हायचा. गाणीसुद्धा तिथेच गायची. हिंदी चित्रपटात पार्श्वगायन आलं ते 1935 मधे, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सकडून. म्हणजे दुसरी भाषा हवी तर सीन पुन्हा करा. आमच्या भाषेत सांगायचं तर नुसती स्ट्रिंग फाईल बदलून भागत नव्हतं, अख्खं मॉड्यूल परत लिहावं लागायचं.

आणि माणूस बदलला की सिनेमाही बदलतो. चंद्रमोहनचा हा पहिलाच चित्रपट. त्याच्या घाऱ्या डोळ्याचा टेलिफोटो लेन्सने घेतलेला तो पडदाभर क्लोजअप बघा, तो डोळा पाठ सोडत नाही. दाते हे रंगभूमीवर मुरलेले नट, आदल्याच वर्षी 'आंधळ्यांची शाळा' केलेले. लेन्सला हवा तसा डोळा एकाकडे, शब्द तोलून टाकण्याची तालीम दुसऱ्याकडे. खलनायक एकच, पण त्याची भीती दोन जागांहून येणार. (पुढे 'कुंकू'ला, 1937 मधे, मराठीत आणि हिंदीत दोन्हीकडे दातेच होते. म्हणजे सरसकट नियम असा काही नव्हता.)

गंमत म्हणजे प्रभातने 1934 मधेच 'सीता कल्याणम' हा तमिळ चित्रपटही काढला, दिग्दर्शक आपले बाबूराव पेंढारकर. राम आणि सीता झालेले कलाकार खऱ्या आयुष्यात भाऊ-बहीण!

मला यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. मराठी बोलणाऱ्याला हिंदी कळते, मग मराठी कशाला, हा हिशोब तेव्हाही मांडता आला असता. भंडारा तर आधी मध्य प्रांतात आणि मग 1956 पर्यंत मध्य प्रदेशात, हिंदी-मराठी दोन्हींच्या प्रदेशात होता, आमच्या आजोबांच्या पिढीला दोन्ही समजायच्या. तरी प्रभातने मराठी प्रेक्षकासाठी वेगळा राजगुरू उभा केला, त्याला वेगळे संवाद दिले, कॅमेरा पुन्हा लावला. 'बाहुबली'च्या वेळी मराठीत बघायचाय असं आमच्यापैकी कोणाच्या मनातही आलं नाही, आणि मागितलंही नाही कोणी.